पुरात गावाचे नळ चालू ठेवायचे तर : नदीकाठच्या पंचायतींसाठी कामाची पद्धत

नदीकाठच्या गावात पूर येतो तेव्हा घरं बुडायच्या कितीतरी आधी नळ कोरडे पडतात. जॅकवेल (नदीचं पाणी घ्यायची विहीर), पंपघर आणि स्टार्टरचं पॅनल नदीच्या कडेला असतं, त्यामुळे गावातलं सगळ्यात सखल बांधकाम बहुधा पाणीयोजनेचंच निघतं. पाणी पॅनलला टेकलं की वीज तोडावी लागते, आणि गावठाण अजून कोरडं असतानाच टाकीत पाणी चढायचं थांबतं. बेळगाव जिल्ह्यात निपाणी, चिक्कोडी, कागवाड, अथणी, रायबाग, हुक्केरी आणि गोकाक तालुक्यांतल्या नदीकाठाने २००५, २०१९ आणि २०२१ साली मोठे पूर पाहिले. पूर ओसरल्यावर मोटर जळालेली, पॅनल चिखलाने भरलेलं, आणि पुढे कित्येक दिवस टँकर. यातलं बरंचसं नुकसान टळण्यासारखं असतं, मात्र कामाला हात रोहिणी नक्षत्र निघायच्या आत लागला पाहिजे.

पुढचे आकडे तीन हजार वस्तीचं गाव, १० एचपीची मोटर आणि ५० हजार लिटरची उंच टाकी धरून दिले आहेत. आपल्या गावाच्या मानाने ते कमीजास्त करून घ्या.

पुराची रेषा पंपघरापर्यंत आणा

गावातल्या जुन्या भिंतींवर, देवळाच्या पायरीवर, शाळेच्या खांबावर पुराच्या पाण्याची खूण सापडते. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तिन्ही खुणा वयस्कर माणसांना विचारून दाखवून घ्या आणि त्यातली सर्वांत वरची धरा. सगळीकडे २०१९ चीच वरची असेल असं मानू नका. नदीच्या वळणावर, नाल्याच्या तोंडाशी आणि नवीन भराव पडलेल्या जागी फरक पडतो.

ही खूण पंपघरापर्यंत नेण्यासाठी गवंड्याचा लेव्हल पाइप पुरतो. १० मिमी जाडीची पारदर्शक नळी, लांबी १५ ते २० मीटर. नळीत पाणी भरताना एकही बुडबुडा राहू देऊ नका. बुडबुडा राहिला की दोन्ही टोकांची पातळी जुळल्यासारखी दिसते पण चार बोटांचा फरक पडतो. उन्हात पडलेली नळी आणि सावलीतली नळी असंही करू नका, काम सकाळी लवकर उरका. टप्प्याटप्प्याने खूण पुढे न्या आणि शेवटी तशीच उलट परत आणून पहिल्या खुणेशी ताडून पाहा. फरक ३ सेंमीपेक्षा जास्त आला तर पुन्हा मोजा.

पंपघराच्या भिंतीवर ही रेषा ऑइल पेंटने मारा आणि तिच्या ६० सेंमी वर दुसरी रेषा मारा. विजेची कुठलीही वस्तू, म्हणजे मीटर, स्टार्टर, कपॅसिटर, केबलचा जोड, या दुसऱ्या रेषेच्या खाली राहता कामा नये. पुढची सगळी कामं या एका रेषेवर ठरतात, म्हणून ती मारल्याशिवाय कशावरही पैसा घालू नका.

नदीची पट्टी आणि तीन रंग

बंधाऱ्याच्या किंवा पुलाच्या खांबावर मीटर आणि दहा-दहा सेंमीच्या खुणांची पट्टी रंगवा. ती काठावरून, बॅटरीच्या उजेडात वाचता आली पाहिजे. पाणी वाढल्यावर खांबाजवळ कोणी जाणार नाही. पट्टीचं शून्य आणि पंपघराची फरशी यांच्यातला फरक त्याच लेव्हल पाइपने काढून पंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आता वेळेचा हिशेब. समजा पाणी तासाला ८ सेंमी वाढतंय. मोटर काढून वर घ्यायला सहा तास लागतात आणि अंधारात हे काम करायचं नाही, म्हणून रात्रीचे दहा तास वेगळे धरा. एकूण १६ तास. १६ गुणिले ८ म्हणजे १२८ सेंमी. तेव्हा पंपघराच्या फरशीच्या सुमारे १.३ मीटर खाली लाल रेषा. तिच्या एक मीटर खाली केशरी, आणखी एक मीटर खाली पिवळी. पिवळ्या रेषेला जनरेटर गावात आणि डिझेल भरलेलं हवं. केशरीला टाकी काठोकाठ भरून घ्या आणि पट्टी दर तासाला वाचायला माणूस नेमा. लाल रेषेला पाणी लागलं की पंप थांबवून मोटर उचला, त्या घडीला कुणाची परवानगी मागत बसू नका. ही परवानगी ग्रामसभेत मे महिन्यातच ठराव करून घ्यायची असते.

आपल्या डोक्यावर पाऊस थांबला म्हणजे नदी उतरेल, हा समज महागात पडतो. चिक्कोडी-निपाणी भागात कोयना आणि पंचगंगेचं पाणी राजापूर बंधाऱ्यावरून येतं, काळम्मावाडी धरणाचं पाणी दूधगंगेतून सदलग्याला येतं, वेदगंगा दूधगंगेला मिळते, आणि हे सगळं कल्लोळ-येडूरजवळ एकत्र होतं. कृष्णा तुडुंब असली की तिचा फुगवटा दूधगंगेत मागे सरकतो, आणि ऊन पडलेलं असतानाही बंधाऱ्यावरचं पाणी वाढत राहतं. राजापूरचा आणि सदलग्याचा रोजचा विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर होतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. वहीत तीन रकाने करा : राजापूरचा आकडा, सदलग्याचा आकडा, आपल्या पट्टीवरची पातळी. सकाळ-संध्याकाळ एवढंच लिहा. एका पावसाळ्यात कळतं की वरचा आकडा चढल्यावर आपल्या घाटावर किती तासांनी किती पाणी येतं. हा हिशेब प्रत्येक गावाचा वेगळा, तो दुसऱ्या गावाकडून उसना घेता येत नाही. गोकाकच्या बाजूला घटप्रभेसाठी हिडकल धरणाचा विसर्ग आणि मार्कंडेयचा वेगळा रकाना घाला.

बंधाऱ्यांचंही ध्यानात ठेवा. जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड हे सखल बंधारे लवकर पाण्याखाली जातात. मोठ्या पुरात यमगर्णीजवळ राष्ट्रीय महामार्गसुद्धा बंद पडला आहे. तेव्हा तालुक्याच्या गावातून पंप दुरुस्तीवाला येईल, ब्लीचिंग येईल, हे गृहीत धरू नका. जे लागणार ते बंधारा बुडायच्या आत आपल्या काठावर.

पॅनल कायमचं वर, मोटर वेळेला वर

सबमर्सिबल पंप असेल तर अर्धी लढाई जिंकलेली असते. तो पाण्यातच राहण्यासाठी बनलेला आहे, पुराने त्याचं काही बिघडत नाही. बुडतं ते वरचं पॅनल आणि केबलचा जोड. पॅनल उचलून दुसऱ्या रेषेच्या वर न्या. शक्यतो आरसीसीचा खांब-चौथरा बांधा. लोखंडी अँगलवर केलं तर वाहून येणारी लाकडं आणि मुळासकट आलेला ऊस अडकून चौकट वाकते. अँगलच करावा लागला तर पाय ५० बाय ५० बाय ६ मिमीचे, कमीत कमी एक मीटर काँक्रिटात गाडलेले, आणि जागा पंपघराच्या खालच्या अंगाला, म्हणजे प्रवाहाचा मार इमारतीवर पडेल.

पॅनल लांब नेलं की केबल वाढते. १० एचपीला ३०-४० मीटरपर्यंत ४ चौरस मिमीची तांब्याची केबल चालते, पण पावसाळ्यात व्होल्टेज पडतं, म्हणून ६ ची घ्या. स्टार्टर स्टार-डेल्टा असेल तर मोटरकडे सहा तारा जातात, तीन नव्हे. खरेदीच्या वेळी हे विसरलं जातं आणि आयत्या वेळी केबल अपुरी पडते. वाटेत जोड नको. टाळता आला नाही तर रेझिन भरायचं जॉइंट किट वापरा. काळी टेप गुंडाळलेला जोड पुराच्या पाण्यात तासभरही टिकत नाही.

मोनोब्लॉक किंवा उघडी मोटर असेल तर ती उचलावीच लागते. त्यासाठी पंपघराच्या छताला कायमचा हुक, एक टनाची चेन पुली, आणि रेषेच्या वर भिंतीतून भिंतीत टाकलेले दोन लोखंडी गर्डर. मोटर काढून गर्डरवर ठेवायची. पायाचे बोल्ट मे महिन्यात एकदा सोडवून, ग्रीस लावून परत बसवा. गंजलेला बोल्ट ऐन पुरात सुटत नाही आणि तोडावा लागतो, हे सगळ्यात जास्त वेळा घडतं. पाने आणि पुली पंपघराऐवजी पंचायतीत ठेवा.

पंप थांबवताना क्रम असा :

१. टाकी भरल्याची खात्री करा, मग पंप बंद करा.
२. चढत्या पाइपवरचा स्लूस व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर गढूळ पाणी लाइनमध्ये शिरतं. रिफ्लक्स व्हॉल्व्हवर (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपेवर) विसंबू नका, त्यात काडी अडकलेली असू शकते.
३. लाइनमनकडून टीसीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) वीज तोडून घ्या. गावातल्या कुणीही टीसीच्या खांबाला हात लावायचा नाही. हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) १९१२ आणि आपल्या टीसीचा नंबर पॅनलच्या दारावर मोठ्या अक्षरात रंगवलेला हवा.
४. वायरी सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक तारेला रंगीत टेप लावा. उलट जोडलेले फेज म्हणजे उलटी फिरणारी मोटर.
५. मोटर उचला, तोंडं प्लास्टिकने बांधा, दाराला कुलूप लावा.

कुलूप दोन किल्ल्यांचं, एक वॉटरमनकडे आणि एक पंचायतीत. गाव रिकामं झालं की तांब्याची केबल आणि स्टार्टर चोरीला जातात. उचललेली केबल गुंडाळून पंचायतीच्या खोलीत आणणं उत्तम. उंच टाकीच्या शिडीला फाटक आणि झाकणालाही कुलूप हवंच.

बोअरवेल असेल तर तिचा केसिंग पाइप वेल्डिंग करून पुराच्या रेषेच्या वर न्या आणि रबर गॅस्केटसह प्लेट बसवा. उघड्या तोंडातून एकदा पुराचं पाणी आत गेलं की गटार, मेलेली जनावरं आणि शेतातली औषधं सगळं जमिनीखालच्या पाण्यात उतरतं. ते काढणं विहिरीपेक्षा कितीतरी अवघड.

संप (जमिनीतली पाण्याची टाकी) आणि प्लास्टिकच्या टाक्या रिकाम्या ठेवू नका. हजार लिटरच्या रिकाम्या टाकीला बुडवणारं पाणी जवळजवळ एक टन जोराने वर ढकलतं. टाकी पाइप तोडून निघून जाते, आणि जमिनीतला रिकामा संप उचलला जाऊन तडकतो. काठोकाठ भरून झाकण बांधा. डिझेलचे बॅरल उंचावर, दोराने बांधलेले.

पुलावरून जाणारा पाइप बहुतेक ठिकाणी प्रवाहाच्या वरच्या अंगाला लटकवलेला दिसतो. ओंडके त्यालाच धडकतात. नवीन काम करताना खालच्या अंगाला घ्या, दर पाइपाला जोडाच्या मागे एक क्लॅम्प द्या, आणि पुलाच्या दोन्ही टोकांना व्हॉल्व्ह बसवा. पाइप तुटला तरी गावाकडची लाइन बंद करता येते.

जनरेटर

चूक इथे होते : मोटर ७.५ किलोवॅटची म्हणून १० केव्हीएचा जनरेटर भाड्याने आणतात आणि तो मोटर सुरू करताना गुदमरून बंद पडतो. सुरू होताना मोटर चालू करंटच्या कितीतरी पट ओढते. स्टार-डेल्टा स्टार्टर असलेल्या १० एचपीला २५ केव्हीए धरा. थेट सुरू होणाऱ्या ५ एचपीला १५ केव्हीए. मे महिन्यात एकदा त्याच जनरेटरवर तोच पंप चालवून पाहा.

पंप चालवताना तासाला साडेतीन-चार लिटर डिझेल धरा. रोज सहा तास, पाच दिवस म्हणजे सुमारे १२० लिटर. मध्ये चेंजओव्हर स्विच हवाच. तो नसेल तर जनरेटरची वीज उलटी टीसीतून ११ हजार व्होल्टच्या लाइनवर चढते आणि लाइन बंद आहे असं समजून काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जातो. याबाबतीत तडजोड नाही. जनरेटर बंद खोलीत लावू नका, धुराचा विषारी वायू वासाने कळत नाही.

पाणी पुरवून वापरणं

आणीबाणीत माणशी रोज १५ लिटर धरतात. तीन हजार माणसांना ४५ हजार लिटर, म्हणजे भरलेली टाकी एक दिवस. फक्त पिणं-स्वयंपाक धरून साडेसात लिटर केलं तर दोन दिवस. म्हणून टाकी भरल्यावर वितरणाचा व्हॉल्व्ह बंद करून ठराविक वेळीच, ठराविक नळकोंडाळ्यांवर पाणी सोडा. शाळेत काळजी केंद्र (पूरग्रस्तांचा निवारा) असेल तर त्याची टाकी वेगळी : ५०० माणसांना रोज साडेसात हजार लिटर, आणि ५० माणसांमागे निदान एक शौचालय.

ब्लीचिंग पावडर ताजी असताना त्यात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतं, पण ओल्या हवेत उघडी पोती पडली की झपाट्याने उतरतं. २५ टक्के धरून हिशेब करा, आणि गेल्या वर्षीचं उघडं पोतं पिण्याच्या पाण्याला वापरू नका. लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन देण्यासाठी हजार लिटरला ८ ग्रॅम पावडर, म्हणजे ५० हजारांच्या टाकीला ४०० ग्रॅम. पावडर प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, बादली भरा, दहा मिनिटं थांबा; वरचं निवळ पाणी टाकीत ओता आणि खालचा चुना फेकून द्या. पावडर थेट टाकली तर चुना पाइपात आणि व्हॉल्व्हमध्ये बसतो.

पाणी गढूळ असेल तर ब्लीचिंगचा उपयोग होत नाही, माती क्लोरीन खाऊन टाकते. आधी तुरटी, हजार लिटरला साधारण ५० ग्रॅम विरघळवून. निवळलं की वरचं पाणी घ्या आणि मग ब्लीचिंग. अर्ध्या तासाने तपासा. गावाच्या शेवटच्या नळाला पुराच्या दिवसांत ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन दिसलं पाहिजे. टाकीखालचा नळ तपासून वहीत आकडा लिहिण्यात अर्थ नाही, कारण आजार पसरतो तो शेवटच्या गल्लीत.

खानापूरची गोष्ट वेगळी

जांबोटी, कणकुंबीकडच्या जंगलपट्ट्यात पाणी चढत नाही, ओढे तासाभरात फुगतात आणि उतरतात. तिथे वीज जाते ती झाड पडून, आणि साकव गेला की लाइनमन चार दिवस पोचत नाही. अशा गावांनी पॅनल उंचावण्यापेक्षा लाइनखालच्या फांद्या पावसाआधी हेस्कॉमकडून तोडून घेणं, छोटा सोलर पंप किंवा डोंगरावरच्या झऱ्याची नळयोजना तयार ठेवणं, आणि महिन्याचं धान्य-औषध आधीच चढवणं यावर भर द्यावा. आजारी आणि गरोदर बायकांची यादी आशा कार्यकर्तीकडे असते. साकव बंद व्हायच्या आधी त्यांना रस्त्यालगतच्या नातलगांकडे हलवा.

अर्ज आणि फलक कन्नड आणि मराठी दोन्हींत करा. व्हॉल्व्हवरचे क्रमांक, टाकीचा नकाशा, फोननंबर बाहेरून आलेल्या पथकालाही वाचता आले पाहिजेत. तहसीलदार कार्यालयासाठीचा अर्ज कन्नडमध्ये आधीच टाइप करून पीडीओकडे (पंचायत विकास अधिकाऱ्याकडे) ठेवा, तारीख तेवढी घालायची. तातडीला ११२, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७.

पाणी उतरल्यावर

घाई इथेच सगळं घालवते. पाणी उतरलं की लोक पंप सुरू करा म्हणून मागे लागतात आणि ओली मोटर बटन दाबताच जळते. बुडालेली मोटर आधी स्वच्छ पाण्याने धुवा, गाळ वाळू देऊ नका. मग उघडून बेअरिंग काढा. वाइंडिंग उन्हात किंवा पेटीत १०० वॅटचे दोन बल्ब लावून वाळवा, आच हाताला सोसेल इतकीच. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या यंत्रावर) एक मेगाओम तरी दिसल्याशिवाय वीज जोडू नका. ढगाळ हवेत दोन-तीन दिवस लागतात, लागू द्या. तोवर टँकर आणि टाकीवर भागवा. बुडालेले एमसीबी आणि कपॅसिटर वाळवून वापरू नका, बदला.

बुडालेली विहीर उपसण्याआधी ब्लीचिंग टाका. पाण्याचं माप : व्यास गुणिले व्यास गुणिले ०.७८५ गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये. आलेल्या आकड्याला हजाराने गुणलं की लिटर. चार मीटर व्यासाच्या, तीन मीटर पाणी असलेल्या विहिरीत सुमारे ३७,७०० लिटर. हजार लिटरला २०० ग्रॅम म्हणजे साडेसात किलो पावडर. बारा तास ठेवा, मग पूर्ण उपसा, पुन्हा पाणी भरू द्या, आणि गढूळपणा जाईपर्यंत उपसत राहा.

लाइन बंद असताना पाइपात दाब नसतो, आणि गटारालगतच्या गळक्या जोडांतून घाण आत ओढली जाते. म्हणून पंप चालू झाला तरी पहिलं पाणी लोकांना द्यायचं नाही. शेवटच्या टोकाचे वॉशआउट (लाइन धुऊन काढायचे व्हॉल्व्ह) उघडून निवळ पाणी येईपर्यंत सोडा. मग लिटरला २० मिलिग्रॅम क्लोरीनचं पाणी लाइनमध्ये भरून रात्रभर ठेवा. चार इंची पाइपाच्या एका किलोमीटरमध्ये ७,८५० लिटर पाणी मावतं, त्याला ६३० ग्रॅम पावडर लागते. त्या रात्री नळाला तोंड लावू नका अशी दवंडी देवळाच्या आणि मशिदीच्या स्पीकरवरून द्या. सकाळी लाइन रिकामी करून साधं पाणी सोडा, शेवटच्या नळाला क्लोरीन तपासा, आणि तपासणीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. अहवाल येईपर्यंत पाणी खळखळून उकळूनच प्यायचं, हे नळ सुटण्याआधी घरोघरी सांगून झालेलं असावं.